विमान कोणतंही घ्या, पण दुरुस्ती कोण करणार ते आधी सांगा

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झालं तेव्हापासून आमच्या चौकातल्या पोह्याच्या ठेल्यावर रविवारी सकाळी विषय एकच असतो, विमानं आणि मिसाइल. एस-४०० कुठून कुठपर्यंत बघतं, ब्रह्मोस किती वेगानं जाते, ड्रोन पाडायला महागडं मिसाइल वापरायचं की तोफ, सगळं निघतं. मला ही चर्चा आवडते. वीस वर्षांपूर्वी याच ठेल्यावर फक्त क्रिकेट आणि इलेक्शन चालायचं, आता बँकेतून रिटायर झालेले काका रडारबद्दल बोलतात आणि मेडिकल स्टोअरवाला भाऊ तर्री ओतता ओतता स्टेल्थ म्हणजे काय ते समजावून सांगतो, यात चांगलंच आहे.

मागे असंच अमेरिकेचं एफ-३५ घ्यावं की रशियाचं सुखोई-५७ यावर अर्धा तास जोरात चाललं होतं. मी एवढंच विचारलं की भाऊ, समजा घेतलं, तर त्याचे स्पेअर कुठून येणार, ओव्हरहॉल कुठे होणार, आणि बिघाड झाला तर आपल्या माणसाला ते उघडायची परवानगी तरी असणार का. काका म्हणाले, "ते होऊन जाते ना बाप्पा, विमान तर येऊ दे आधी."

त्या "होऊन जाते" वर मला मोठा आक्षेप आहे, आणि तो फक्त विमानापुरता नाही. आपल्याकडे वस्तू घेणं, बांधणं, उद्घाटन करणं याला काम समजतात आणि ती वस्तू चालू ठेवणं हे आपोआप होतं असं धरून चालतात. पण ते आपोआप होत नाही, त्यामागे माणसं असतात, त्यांची हत्यारं, त्यांच्या वह्या, वर्षानुवर्षं मुरलेलं ज्ञान असतं. माझं म्हणणं असं की देशाची टेक्नॉलॉजी किती पुढे गेली हे मोजायचं असेल तर त्यानं काय विकत घेतलं हे बघू नका, घेतलेलं किती दिवस आणि कोणाच्या भरवशावर चालवतो ते बघा.

आणि हे नागपुरात बसून सांगावं लागतं याचं मला जास्त वाईट वाटतं. आपल्या वायुसेनानगरमध्ये भारतीय हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. फुटाळ्याकडून वर जाताना आपण त्याच्या बाजूनं जातो, हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाच्या विमानांची कसरत असली की गच्चीवर उभे राहून टाळ्या वाजवतो, आणि हे मुख्यालय नेमकं करतं काय हे विचारलं तर दहातले आठ जण "एअरफोर्सचं ऑफिस आहे" एवढंच सांगतात. हवाई दलाची विमानं, इंजिनं, रडार, मिसाइल यांची मोठी दुरुस्ती, देखभाल आणि सामानाचा पुरवठा या कमांडच्या अखत्यारीत येतो. देशभरातले बेस रिपेअर डेपो तिच्या हाताखाली आहेत, कानपूरला एएन-३२ मालवाहू विमानं, चंदीगडला हेलिकॉप्टर, आपल्याच राज्यात नाशिकजवळ ओझरला मिग-२९ आणि सुखोई-३०. ओव्हरहॉल म्हणजे धुऊनपुसून रंग देणं नाही, पूर्ण विमान खोलतात, एकेक भाग काढून त्यात केसाएवढी चीर आहे का ते तपासतात, वायरिंग बघतात, झिजलेलं बदलतात आणि पुन्हा जोडून उडवून बघतात. ओझरच्या डेपोनं ओव्हरहॉल केलेलं पहिलं सुखोई-३० २०१८ मध्ये ताफ्याला परत दिलं तेव्हा ती बातमी किती जणांनी वाचली असेल? नवीन विमान आलं असतं तर पाण्याचे फवारे, लाइव्ह कव्हरेज, सगळं झालं असतं.

आता एफ-३५ चंच घ्या, कारण ठेल्यावर त्याचं कौतुक फार चालतं. अमेरिकेतल्याच जीएओ या सरकारी लेखापरीक्षण संस्थेनं २०२३ मध्ये रिपोर्ट दिला की त्या वर्षीच्या मार्चमध्ये त्यांच्या स्वतःच्या एफ-३५ ताफ्यापैकी साधारण ५५ टक्केच विमानं मोहिमेला तयार होती. कारणं काय, तर दुरुस्तीचे डेपो वेळेत उभे राहिले नाहीत, स्पेअर अपुरे, आणि विमानाची तांत्रिक माहिती मोठ्या प्रमाणात कंपनीकडे असल्यामुळे लष्कराच्या स्वतःच्या माणसांचे हात बांधलेले. अमेरिकेचा सगळ्यात महागडा शस्त्र प्रकल्प, आणि घेणाऱ्यालाच ते विमान नीट खोलता येत नाही. आपलंही वेगळं नव्हतं. २०१४-१५ च्या सुमारास आपल्या सुखोई-३० पैकी निम्म्याच्या आसपासच उड्डाणाला तयार असायची, मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी हा आकडा उघडपणे सांगितला होता. म्हणजे कागदावर दोनशे विमानं आणि प्रत्यक्षात कुठल्याही सकाळी शंभर. उरलेली शंभर आणायला नवीन कंपनी शोधायची गरज नव्हती, ती आपल्या शेडमध्येच उभी होती, त्यांना स्पेअर आणि माणूस पाहिजे होता.

माझे बाबा अजनीच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये फिटर होते, त्यामुळे हा विषय माझ्या घरातला आहे. ते घरी आले की हाताला ग्रीसचा वास असायचा, साबणानं तीनदा धुतलं तरी नखांच्या कडेला काळं राहायचंच. ते सांगायचे की इंजिन शेडमध्ये आलं की आधी त्याच्याजवळ उभं राहायचं, हात लावायचा, आवाज ऐकायचा, मग कागद बघायचा. बेअरिंग जाणार असेल तर ते आधी सांगतं, ऐकणारा पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. रात्री कधी फोन आला आणि आपल्या शेडचं इंजिन कुठेतरी इटारसीच्या पुढे फेल झालंय असं कळलं तर ते झोपायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी कोणी काय सोडलं ते शोधायचे. पण ज्या दिवशी सगळी इंजिनं धडपणे धावली, हजारो माणसं वेळेवर पोचली, त्या दिवशीच्या पेपरात त्याबद्दल एक ओळ नसायची. कशी असेल? न झालेल्या अपघाताची बातमी होत नाही. बाबांनी ३४ वर्षं अशा बातमी न होणाऱ्या दिवसांसाठी काम केलं आणि मला वाटतं देशाचं बरंचसं काम असंच चालतं.

युद्धात तर हे अजूनच उघडं पडतं. ८ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी विमानांनी भुजची धावपट्टी बॉम्बनं उखडून टाकली. विमानं शाबूत, वैमानिक तयार, पण उडायचं कुठून? तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, जन्मानं नागपूरचे. जवळच्या माधापर गावातल्या सुमारे ३०० बायका आल्या, दगड-माती वाहिली, खड्डे बुजवले, वरून दिसू नये म्हणून धावपट्टी शेणानं सारवली, सायरन वाजला की झुडपात लपायचं आणि पुन्हा बाहेर येऊन कामाला लागायचं, आणि ७२ तासांत धावपट्टी उभी केली. या लढाईचं शस्त्र काय होतं ते बघा, घमेलं आणि शेण. कारगिलचंही तसंच, मिराज या लढाऊ विमानावर लेझर बॉम्ब आणि नेम धरायचे पॉड बसवायचं काम ऐन लढाईच्या दिवसात आपल्या तंत्रज्ञांनी इस्रायलच्या मदतीनं पूर्ण केलं आणि २४ जून १९९९ ला टायगर हिलवर ते वापरलं गेलं. विमान जुनंच होतं, सुमारे चौदा वर्षांपूर्वी घेतलेलं. त्याला हात लावायची मुभा होती आणि हात लावणारा माणूस आपल्याकडे होता म्हणून ते जमलं.

हात लावायची मुभा, हा खरा मुद्दा आहे. २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं तिथल्या आर्मीला सांगितलं की इथून पुढच्या करारांत दुरुस्तीचा हक्क लिहून घ्या, कारण कंपनीच्या अटींमुळे सैनिकांना स्वतःची यंत्रं स्वतः दुरुस्त करता येत नाहीत. जगातली सगळ्यात ताकदवान सेना, आणि तिला स्वतःच्या गाडीचा पार्ट स्वतः बदलायला कंपनीच्या माणसाची वाट बघावी लागते. आपण नवीन खरेदीवर बोलतो तेव्हा किंमत आणि रेंज विचारतो, करारात मॅन्युअल, टेस्ट बेंच म्हणजे भाग तपासायचं यंत्र, सोर्स कोड म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, स्पेअर बनवायचा अधिकार यातलं काय मिळालं हे कोणी विचारत नाही. ठेल्यावर नाही, टीव्हीवर नाही, आणि संसदेतही फार कमी.

हेच कुलूप आता आपल्या घरात आलंय. मागच्या पावसाळ्यात आमची वॉशिंग मशीन बंद पडली, वय साडेचार वर्षं. लाइट लागायचे, पाणी यायचं, पण ड्रम फिरत नव्हता. कंपनीचा माणूस आला, पाच मिनिटं बघितलं, म्हणाला बोर्ड गेला, नवीन बोर्ड ९,२०० चा, आणि हे मॉडेल बंद झालंय त्यामुळे मिळेल की नाही सांगता येत नाही, एक्स्चेंज ऑफर चालू आहे ती बघा. नुसतं बघायचे ४५० घेऊन गेला. बोर्डात नेमकं काय गेलं विचारलं तर म्हणे आम्ही बोर्ड रिपेअर करत नाही सर, बदलतो.

बायको म्हणाली बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, नेऊन तर बघ. बर्डीच्या मागच्या गल्लीत एका तळघरात पाच बाय आठचा गाळा आहे, तिथे एक दादा बसतात, पन्नाशीचे, डोळ्यावर घड्याळजींसारखी भिंग असलेली पट्टी. मी बोर्ड काढून पिशवीत नेला होता. तो बोर्ड पूर्ण पारदर्शक जेलमध्ये बुडवलेला असतो, पाणी आणि झुरळं जाऊ नयेत म्हणून, त्याचा तेवढा फायदा आहे, पण त्यामुळे कोणता पार्ट कुठे आहे तिथे हातच पोचत नाही. दादांनी आधी बोर्ड उलटा करून नाकाजवळ नेला आणि वास घेतला. मग हॉट एअरनं एका कोपऱ्यातला जेल गरम केला आणि ब्लेडनं साय काढावी तसा हळूहळू सोलून काढला, चहा थंड होईपर्यंत तेच चाललं होतं. मल्टिमीटरच्या दोन पिना लावल्या, काही बोलले नाहीत, दुसरीकडे लावल्या, आणि म्हणाले, "रिले चिकटून राहिली हो, आन् हा पहा, इथलं सोल्डर तडकलं आहे. बोर्ड काऊन गेला म्हणाले ते?" जुनी रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच, काढली, खोक्यातून तशाच रेटिंगची शोधली, लावली, तडकलेला जोड पुन्हा केला, वरून सिलिकॉन भरलं. सगळे मिळून ६५० रुपये. मशीन आजही चालू आहे, हे लिहितानाही मागे तिचाच आवाज येतोय.

पैसे वाचले हा आनंद आहेच, पण मला राग कशाचा आला तर कंपनीच्या माणसाला हे येत नव्हतं याचा नाही, त्याला हे करायची परवानगीच नव्हती याचा. तो मुलगाही डिप्लोमा झालेला असेल, त्यालाही रिले कळत असेल, पण त्याच्या कामाचं स्वरूपच असं केलंय की निदान करायचं नाही, विकायचं. आणि बर्डीच्या दादांकडे कौशल्य आहे पण त्यांच्याकडे त्या बोर्डचा नकाशा नाही, तो कंपनी बाहेरच्या कोणालाच देत नाही, ते वासावरून आणि अनुभवावरून शोधतात. एकाकडे माहिती आहे आणि हात बांधलेले, दुसऱ्याचे हात मोकळे आणि माहिती नाही. या दोघांना एकत्र आणणं हा धोरणाचा प्रश्न आहे, कोणाच्या चांगुलपणाचा नाही.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन यांच्यावर ही वस्तू दुरुस्त करणं किती सोपं आहे याचे दहापैकी गुण लिहिणं सक्तीचं झालं. युरोपियन युनियनमध्ये २० जून २०२५ पासून नवीन स्मार्टफोनचे स्पेअर पार्ट विक्री बंद झाल्यावरही सात वर्षं मिळाले पाहिजेत असा नियम लागू झाला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली, पोर्टल काढलं, नंतर गुण देण्याच्या पद्धतीसाठी वेगळी समिती झाली आणि तिचा रिपोर्टही २०२५ मध्ये आला. दिशा बरोबर आहे. दुकानात मात्र मला अजून एकाही खोक्यावर तो आकडा दिसलेला नाही. पंख्याच्या, फ्रिजच्या खोक्यावर विजेचे स्टार असतात, ते लोक बघतात, मी स्वतः लोकांना "फाइव्ह स्टारच दाखवा" म्हणताना ऐकलंय. दुरुस्तीचे गुणही तसेच सक्तीचे करा, समित्या पुरे झाल्या, लोक आपोआप विचारायला लागतील.

आणि शेतीची अवजारं हा भाग आपल्या विदर्भासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. पेरणीच्या चार दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला आणि सेन्सरचा एरर कोड फक्त कंपनीच्या लॅपटॉपवर वाचता येतो असं असेल तर तो शेतकरी काय करणार? ओल निघून जाते. अमेरिकेतले शेतकरी या प्रश्नावर कितीतरी वर्षं ट्रॅक्टर कंपन्यांशी भांडताहेत. आपल्या गावातल्या वेल्डिंगवाल्याला आणि मेकॅनिकला आज जुना ट्रॅक्टर पूर्ण खोलता येतो, पुढच्या पिढीचा ट्रॅक्टर त्याच्या हातून काढून घेण्याआधी कायदा झाला पाहिजे.

मला माहीत आहे यावर लोक काय म्हणतील. म्हणतील की जुनं किती दिवस ओढायचं, मिग-२१ चं काय झालं? प्रश्न योग्य आहे. १९६३ मध्ये आलेलं मिग-२१ थेट २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं, ६२ वर्षं, आणि मधल्या काळात शेकडो अपघात झाले, तरुण वैमानिक गेले. त्या घरांसमोर उभं राहून मी दुरुस्तीचे गोडवे गाणार नाही. पण ते विमान इतकं ताणावं लागलं कारण त्याच्या जागी येणारं तेजस वेळेवर आलं नाही, आणि वस्तू कधी थांबवायची हे सांगणं हाही देखभालीचाच भाग आहे. बाबा कितीदा "हे इंजिन आज बाहेर जाणार नाही" म्हणून अडून बसायचे आणि वरच्यांशी वाजायचं. चांगला मिस्त्री तोच जो सांगतो की आता यात पैसे घालू नका. आमच्या जुन्या फ्रिजबद्दल बर्डीच्या त्याच दादांनी सांगितलं, वीज खूप खाऊन राहिला, काढून टाका. आम्ही काढला.

आणि जुगाडाला दुरुस्ती म्हणू नका. आपल्याकडे जुगाडाचं फार कौतुक करतात, मला ते मुळीच पटत नाही. कूलरचं अर्थिंग तुटलंय आणि त्यावर टेप गुंडाळून काम चालवलंय, हा जुगाड. दर उन्हाळ्यात नागपुरात आणि आजूबाजूच्या गावात कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून माणसं जातात, लेकरं जातात. मार्चमध्ये एकदा मिस्त्री बोलावून पंपाची वायर, अर्थिंग, बॉडीत करंट येतोय का हे टेस्टरनं बघून घेतलं तर यातले कितीतरी जीव वाचतील. आपण मिस्त्रीला बोलावतो ते ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूच्या गवताच्या गाद्या, बदलायला आणि गारवा कमी वाटला की.

सरकारी कामातही तेच. वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर पूल झाला, खाली रस्ता, मध्ये फ्लायओव्हर, वर मेट्रो, गिनीज रेकॉर्ड झालं, मलाही अभिमान आहे. पण त्याच शहरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या पावसात दीडशे वर्षांहून जुना अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरात शिरली, मोरभवनच्या स्टँडवर एसट्या पाण्यात बुडाल्या, जीव गेले. त्यानंतर मजबुतीकरण, खोलीकरण, विसर्गाची वाट मोकळी करणं, सगळं सुरू झालं. तलाव काल अचानक जुना झाला नव्हता. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री एसटी बससकट वाहून गेला आणि त्याच्या जागी नवीन पूल वर्षभराच्या आत उभा राहिला. म्हणजे पैसा होता, इंजिनिअर होते, वेगही होता. जुन्या पुलाचे पाय नीट तपासायला मात्र कोणाला वेळ झाला नव्हता. महापालिकेच्या बजेटची बातमी येते तेव्हा नवीन काय बांधणार याची यादी असते, जे आहे त्याच्या देखभालीला किती ठेवले आणि मागच्या वर्षी ठेवलेले किती खर्च झाले हे दोन आकडे प्रत्येक वॉर्डात बोर्डावर लावले पाहिजेत, अशी माझी सरळ मागणी आहे.

विज्ञानाचंही बघा. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या हवामान खात्याच्या स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं. देशभर बातमी, नागपूर ५६! व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता पूर. नागपूरचा आतापर्यंतचा खरा उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. एका छोट्या सेन्सरमुळे पूर्ण देशात शहराचा चुकीचा आकडा फिरला, आणि उद्या याच आकड्यांवर हीट अ‍ॅक्शन प्लॅन, शाळांच्या वेळा, मजुरांच्या सुट्ट्या ठरणार आहेत. तापमानावर बोलणारे आपण सगळे, पण तो सेन्सर शेवटचा कधी तपासला हे विचारणारा एकही नाही. याच्या उलट दुसरं उदाहरण. नासाचं व्हॉयेजर-१, १९७७ मध्ये सोडलेलं, नोव्हेंबर २०२३ मध्ये अर्थहीन डेटा पाठवायला लागलं. अंतर २४ अब्ज किलोमीटर, एक मेसेज जायलाच साडेबावीस तास. मेमरीची एक चिप गेली होती. तिथे जाऊन कोण बदलणार? इंजिनिअरांनी सत्तरच्या दशकातले कागद काढले, तो प्रोग्रॅम तुकडे करून मेमरीत दुसरीकडे बसवला, आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा नीट बोलायला लागलं. ते कागद कोणीतरी जवळपास पन्नास वर्षं जपून ठेवले होते म्हणून हे झालं. माझ्यासाठी तो कागद जपणारा माणूस रॉकेट सोडणाऱ्याच्या बरोबरीचा शास्त्रज्ञ आहे.

हे सगळं आपल्या संस्कृतीत नाही असं कोणी म्हणू नये. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैलाचे खांदे शेकतात, गरम पाण्यानं, मग हळद आणि लोणी लावून चोळतात, आणि त्याच्या कानाशी म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." वर्षभर ज्या खांद्यावर जू होतं तिथे कुठे गाठ आली, कुठे कातडं सोललं, हे हातानं चाचपून बघायचा तो दिवस. माझ्या आजोबांना मी काटोलकडच्या गावात हे करताना बघितलंय, ते बोलत नसत, फक्त अंगठा फिरवत असत, आणि एका जागी थांबले की बैल कातडी थरथरवायचा, मग तिथे पुन्हा हळद. खंडेनवमीला बाबा त्यांचे पाने, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर पुसून पाटावर मांडायचे आणि झेंडूचं फूल ठेवायचे, आई हळदकुंकू वाहायची. हत्याराला देव मानणारी माणसं आपण. मग हत्यार चालवणाऱ्या माणसाला लग्नाच्या बायोडाटात "मेकॅनिक" लिहायची लाज का वाटते? बारावीला ४५ टक्के पडलेल्या मुलालाही डोनेशन भरून इंजिनिअरिंगला टाकतात आणि चार वर्षांनी तो पंधरा हजारांवर कॉल सेंटरमध्ये बसतो, पण आयटीआय म्हटलं की घरात मौत झाल्यासारखे चेहरे होतात. मिहानमध्ये एअर इंडियाच्या विमानांची दुरुस्ती होते, मेट्रोचे डबे आहेत, अजनी आहे, आणि आता दर घरावर सोलर, दर गल्लीत ई-रिक्षा. हे सगळं दुरुस्त कोण करणार आहे?

बर्डीच्या त्या दादांनी मशीनचा बोर्ड देताना मला विचारलं होतं, "सर, तुम्ही शिकलेले आहा, पोराला कशात टाकू? तो म्हणते बीकॉम करतो, सगळे दोस्त तिकडेच चालले." मुलगा तिथेच बाजूला उभा होता, सोळा वर्षांचा, हातात सोल्डर पंप, माझ्याकडे बघत नव्हता. मी त्याला विचारलं, तुला यातलं काय आवडते. तो म्हणाला इन्व्हर्टर एसीचे बोर्ड, ते पप्पांना येत नाही, मी यूट्यूबवर पाहून दोन चालू केले. दादा म्हणाले चार जाळले ते पण सांग. पुढच्या आठवड्यात मी त्या दोघांना गाडीवर घेऊन श्रद्धानंदपेठेतल्या आयटीआयला गेलो, तीन सीट, चलान फाटलं नाही हे नशीब. फॉर्ममध्ये ट्रेडची पसंती लिहायची होती. पोरानं पहिल्या रकान्यात इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक लिहिलं, दुसऱ्यात रेफ्रिजरेशन, आणि तिसरा रकाना रिकामा ठेवून पेन वडिलांकडे दिला. दादांनी भिंगाची पट्टी खिशातून काढून डोळ्यावर लावली, पूर्ण फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, आणि सही केली.